भुवया खाली, लिफ्ट वर

“भुवया खाली,” फिजिओबाई म्हणाल्या.

ती गुडघे दुमडून पलंगावर उताणी पडली होती आणि स्वतःच्या मते अगदी जीव ओतून व्यायाम करत होती. डोक्यावर पंखा होता. त्याची दोन पाती धुळीने काळी आणि एकच स्वच्छ पुसलेली होती. पुसणाऱ्याला मधेच कोणी हाक मारली असणार.

“भुवयांना मी काहीच केलं नाहीये,” ती म्हणाली.

“तुम्ही नाही केलं, पण त्या करतायत. मी सांगितलं तळाचे स्नायू वर ओढा, आणि तुम्ही ओढताय कपाळ. अहो, शरीर एकच असलं तरी ही दोन टोकं आहेत त्याची!”

फिजिओबाईंनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. आतलं सगळं बिऱ्हाड त्या झोळीवर बसलेलं असतं. बाळंतपणात झोळी सैल पडते, मग खोकलं की गळतं, शिंकलं की गळतं. ती झोळी परत ताणून घ्यायची, हाच व्यायाम.

“डोळ्यांसमोर आणा, तळमजल्यावर लिफ्ट उभी आहे. दार बंद करा. सावकाश पहिल्या मजल्यावर न्या. थांबा. मग तेवढ्याच सावकाश खाली आणा. पण पोट आत ओढायचं नाही, मांड्या आवळायच्या नाहीत, बसायची जागा आवळायची नाही आणि श्वास कोंडायचा नाही.”

“मग उरलं काय?”

“जे उरलं तेच आवळायचं.”

हे ऐकून तिला हसू आलं आणि तिने ते लगेच गिळलं. पिल्लू झाल्यापासून ती हसू गिळायलाच शिकली होती. पिल्लू आता चालायला लागलं होतं, घरभर पळत होतं, आणि त्याच्यामागे पळताना आईला मात्र जपून पळावं लागत होतं. ती नळांच्या कारखान्यात कामाला होती. तिथे तिचा विभाग होता गळती तपासणीचा. नळ बाकावर बसवायचे, आत पाण्याचा दाब द्यायचा आणि कुठे थेंब दिसतो का ते बघायचं. सगळा कारखाना तिला मायेने ‘गळतीबाई’ म्हणायचा. लग्नाआधीपासून म्हणायचा. तेव्हा तिला त्यात काहीच वाटायचं नाही. पण बाळंतपणाची लांबवलेली रजा संपवून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने रबरी वॉशरचं पाकीट फोडलं, त्यातली पांढरी भुकटी नाकात गेली, एक सणसणीत शिंक आली, आणि मागून कोणीतरी आपुलकीने हाक मारली, “काय गळतीबाई, सर्दी झाली वाटतं?” त्या दिवशी ती ओढणी कमरेला गुंडाळून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी इथे.

“आणि यातली गंमत सांगू?” फिजिओबाई हात पुसत म्हणाल्या. “हा व्यायाम कुठेही करता येतो. जेवताना पहिल्या घासाला करा, फोन वाजला की करा, ऑफिसात कोणी समोर येऊन बसलं की करा. रोजच्या गोष्टींना बांधून टाकला की विसरायला होत नाही. शिवाय समोरच्याला पत्तासुद्धा लागत नाही.”

फिजिओबाई आपल्या कामात वाकबगार होत्या. चुकल्या त्या फक्त या शेवटच्या वाक्यात.

त्या रात्री जेवताना तिने भाजीचा पहिला घास घेतला, लिफ्टचं दार बंद केलं आणि लिफ्ट वर नेली.

सासूबाई समोरच होत्या. त्यांना दिसलं ते असं : सुनेने भाजी तोंडात घातली. चावता चावता थांबली. तिच्या दोन्ही भुवया कपाळाच्या मध्यापर्यंत चढल्या, तिथे थबकल्या, आणि मग अगदी सावकाश खाली उतरल्या.

“मीठ कमी आहे का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही हो आई, छान झालीये.”

‘छान झालीये’ म्हणजे सभ्यपणे ‘बिघडलीये’, हे ओळखायला सासूबाईंनी उन्हाळे-पावसाळे उगाच पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ चिमूटभर वाढवलं. पहिला घास, भुवया वर. म्हणजे जास्त झालं. तिसऱ्या दिवशी कमी केलं. भुवया पुन्हा वर, आणि आज तर जास्तच वेळ वर, कारण फिजिओबाईंनी थांबण्याचा वेळ वाढवायला सांगितला होता. आठवड्याच्या शेवटी भाजी अशी खारट झाली की नवरा घटाघट दोन पेले पाणी प्यायला.

“आई, अगं समुद्र ओतलास की काय!”

“माझ्या हातची चवच गेली आता,” सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. “कोणी तोंडाने बोलत नाही, पण मला डोळे आहेत.”

तिने हे ऐकलं आणि वय झालं की माणूस हळवं होतं, असं मनाशी म्हणून ती दुसऱ्या घासाकडे वळली.

नवऱ्याचंही काहीतरी बिनसलं होतं, म्हणजे चांगल्या अर्थी. लग्न झाल्यापासून तो ओला टॉवेल पलंगावर टाकत आला होता. त्यावरून झालेली भांडणं रचून ठेवली असती तर माळा भरला असता. आणि आता अचानक तो आंघोळ करून यायचा, पलंगाच्या कडेला बसलेल्या बायकोच्या तोंडाकडे बघायचा, आणि “वाळत घालतो, वाळत घालतो, आधीच बघू नकोस अशी,” म्हणत टॉवेल घेऊन बाहेर पळायचा. ती नुकताच वाजून थांबलेला फोन हातात धरून बसलेली असायची. तिला कळेना, पण मिळतंय ते पदरात पाडून घ्यावं, कारण विचारू नये, एवढं शहाणपण तिला होतं.

पिल्लू आईचं बघून बघून खुर्चीत ताठ बसायला शिकलं. पहिला घास तोंडात गेला की तेही भुवया वर करून स्तब्ध व्हायचं. एखादा छोटा न्यायाधीश निकाल द्यायच्या आधी थांबतो तसं.

खरा घोळ झाला तो कारखान्यात.

वॉशर पुरवणाऱ्या माणसाला सगळे वॉशरशेठ म्हणायचे. हा गृहस्थ जिभेवर साखर ठेवून फिरायचा. तो नवा माल घेऊन आला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

“नेहमीचाच माल, बाई. डोळे मिटून घ्या.”

कोणी समोर येऊन बसलं की काय करायचं हे ठरलेलं होतं. तिने एक वॉशर चिमटीत धरला, दार बंद केलं आणि लिफ्ट वर नेली.

शेठचं हसू थोडं आखडलं. “काय झालं?”

तिला उत्तर देता येईना, कारण श्वास कोंडायचा नाही हा धडाही अजून जमला नव्हता. ती वॉशर धरून, भुवया वर ठेवून, गप्प बसली.

“नाही, म्हणजे… रबर यंदा जरासं वेगळं आलंय.”

ती गप्प.

“जरासं म्हणजे… जुनं आहे थोडं. गोदामात मागे राहून गेलं होतं. पण टिकाऊ आहे हो, म्हणजे… तसं टिकतं.”

आता लिफ्ट खाली आणायची वेळ झाली. फिजिओबाईंची सक्त ताकीद होती की लिफ्ट धाडकन सोडायची नाही. त्यामुळे भुवयाही एकेक केस मोजल्यासारख्या सावकाश खाली आल्या. शेठ हा प्रवास बघत होता. भुवया जागेवर पोचायच्या आत तो उठून उभा राहिला.

“नेतो परत! सगळा माल परत नेतो! उद्या ताजा आणून टाकतो, साहेबांना मात्र सांगू नका!”

पण साहेबांना कळलंच. कारखान्यात भिंतींना कान असतात आणि चहाच्या टेबलाला तोंड असतं. दुपारी बातमी होती, “बाईंनी वॉशर नुसता हातात धरला आणि वय सांगितलं.” संध्याकाळपर्यंत ती झाली, “बाईंना हातातही धरावा लागत नाही. शेठच्या तोंडाकडे बघूनच रबर ओळखलं.”

मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. तपासणी विभागाच्या प्रमुखाची खुर्ची कधीपासून रिकामी होती. त्या खुर्चीचं सगळं काम ती करत होती, फक्त खुर्चीत बसत नव्हती. रजेवरून आल्यावर तिने साहेबांकडे विषय काढला, तेव्हा ते म्हणाले होते, “बघू, बघू. लहान मूल आहे, जागरणं असतील. त्या खुर्चीला जरा कडक माणूस लागतो.” ते ‘कडक’ तिच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

आज साहेब तिच्यासमोर बसले. समोर कोणी बसलं.

“हे बघा, मी नाही म्हणालो नव्हतो,” साहेब तिच्या कपाळाकडे बघत म्हणाले. “बघू म्हणालो होतो. बघू आणि नाही यात फरक आहे.” भुवया अजून वरच होत्या. “तसा उशीरच झाला म्हणा. माझंच चुकलं. खुर्ची तुमचीच. फक्त एक करा. नव्या हॉस्पिटलचे खरेदीसाहेब येणार आहेत, सगळ्या इमारतीचे नळ घ्यायला. माणूस महा चिवट, गोड बोलून घाम काढतो. तुम्ही त्यांच्यासमोर बसायचं. ऑर्डर झाली की त्याच दिवशी दारावर पाटी लावतो तुमच्या नावाची.”

“बोलायचं काय मी?”

“बोलायचं मी बघतो. तुम्ही फक्त ते…” साहेबांनी बोटाने स्वतःच्या कपाळावर दोन कमानी काढल्या.

“ते म्हणजे?”

“तेच हो! वॉशरशेठला केलंत ते!”

ती तडक बाथरूममध्ये गेली. आरशासमोर उभी राहिली, दार बंद केलं, लिफ्ट वर नेली. आरशातली बाई तिच्याकडे अशा नजरेने बघायला लागली की क्षणभर तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आणि मग एकेक दिवा लागत गेला. टॉवेल. शेठ. खुर्ची. आणि… अरे देवा, मीठ!

“थोडे दिवस भुवया राहू द्या ना,” पुढच्या भेटीत ती फिजिओबाईंना म्हणाली आणि सगळी हकीकत सांगितली.

फिजिओबाई खो-खो हसल्या. त्यांना मोकळं हसता येत होतं. मग डोळे पुसून म्हणाल्या, “भुवयांनी तुम्हाला खुर्ची दिली, छान झालं. पण खाली काय चाललंय माहितीये? काही नाही! सगळा जोर कपाळात. लिफ्ट तळमजल्यावर उभी आहे आणि तुम्ही गच्चीवरचा पंप चालवताय. त्या खरेदीसाहेबांसमोर शिंक आली तर ती भुवयांनी थांबणार आहे का? कपाळाला पट्टी चिकटवते, म्हणजे भुवया उडणारच नाहीत. चालेल?”

तिने डोळे मिटले. नवी खुर्ची. चिवट खरेदीसाहेब. टेबलावर रांगेत मांडलेले, एक थेंबही न गळणारे नळ. आणि शिंक.

“चिकटवा पट्टी,” ती म्हणाली. घाबरत म्हणाली, पण मागे घ्यायचं नाही असं ठरवून म्हणाली.

फिजिओबाईंनी तिच्या दोन भुवयांच्या वर जखमेला लावतात तसली चिकटपट्टी आडवी लावली. कपाळ हललं की पट्टी ओढायची आणि चूक जागच्या जागी कळायची. “घरी हेच लावून करा. आणि एक लक्षात ठेवा. शिंक येतेय असं वाटलं की आधी लिफ्ट, मग शिंक. उलटं नाही.”

पट्टी लावून ती जेवायला बसली, तेव्हा सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला.

“आता तर कपाळाला पट्टी बांधून जेवायला बसतेस? एवढी डोकेदुखी होते का माझ्या भाजीने? एकदाच काय ते सरळ सांग, मीठ कमी का जास्त?”

नवरा पिल्लाला झोपवायला आत गेला होता, हे बघून तिने सगळं सांगून टाकलं. झोळी, लिफ्ट, पहिला घास, भुवया. सांगता सांगता तिचे कान लाल झाले. सासूबाई भाजीच्या पातेल्याकडे बघत ऐकत होत्या.

“म्हणजे मीठ बरोबर होतं?”

“पहिल्या दिवशी अगदी बरोबर होतं.”

“आणि मी तुमच्या पोटात इतके दिवस उगाच मीठ…” त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या, पण हसताना त्यांनी एका हाताने ओट्याची कड घट्ट धरली होती आणि पाय एकमेकांत गुंफले होते. तिने ते पाहिलं. “आमच्या वेळी असली थेरं नव्हती बाई. खोकला आला की पायाची अढी घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. संपला विषय.”

“अजूनही अढी घालता, आई?”

“भांडी पडलीत,” सासूबाई म्हणाल्या आणि सिंककडे वळल्या.

नशिबाने खरेदीसाहेबांची भेट पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. तेवढ्या काळात पट्टीने काम केलं. एके दिवशी फिजिओबाईंच्या पलंगावर पडल्या पडल्या तिला काहीतरी निराळंच जाणवलं. आत, खोल, एक छोटीशी पकड बसली, वर उचलली गेली आणि तिथेच राहिली. श्वास चालू, मांड्या सैल, कपाळ गुळगुळीत.

“हेच!” फिजिओबाई ओरडल्या. “हीच लिफ्ट! तोंड बघा कसं शांत आहे, झोपलेल्या बाळासारखं!”

हेच तर भय होतं. झोपलेल्या बाळाच्या तोंडाला कोण भिणार? घरी आरशासमोर तिने मुद्दाम भुवया उडवून बघितल्या. नाटकातली खाष्ट आत्या दिसली. सासूबाई दारातून म्हणाल्या, “जाऊ दे, तुला शोभत नाही.”

आणि खरेदीसाहेब आले.

गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. दर वाक्याला विनोद, आणि दर विनोदाच्या आड एक मागणी. मोठे साहेब तिच्या शेजारी बसले होते. टेबलावर नळ मांडले होते आणि वॉशरची पाकिटंही होती. दाबाखाली ठेवलेल्या नळांची तपासणी तिने सकाळीच स्वतः दोनदा केली होती. नळांची तिला चिंता नव्हती.

“माल झकास आहे,” खरेदीसाहेब म्हणाले. “पण हमीचं काय? आमचं हॉस्पिटल आहे. पेशंटला थेंब थेंब सलाईन चालतं, नळाला नाही चालत!” ते स्वतःच हसले. “पंधरा वर्षं. मधे एक जरी नळ ठिबकला तरी फुकट बदलून द्यायचा.”

दहापर्यंत जायची मोठ्या साहेबांची तयारी होती, पंधरा म्हणजे कंबरडं मोडणं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी खुणावलं. तिने भुवया वर करायचा प्रयत्न केला. लिफ्ट चटकन दुसऱ्या मजल्यावर पोचली. भुवया जागच्या हलल्या नाहीत. पट्टीने त्यांना चांगलंच वळण लावलं होतं.

साहेबांनी पुन्हा खुणावलं. तिचा चेहरा शांत, सात्त्विक. शेवटी साहेब स्वतःच्याच भुवया उडवून दाखवायला लागले.

“तुमच्या डोळ्यात काही गेलंय का?” खरेदीसाहेबांनी काळजीने विचारलं आणि बोलता बोलता वॉशरचं एक पाकीट उचलून फाडलं. “हे रबर तरी पंधरा वर्षं टिकेल ना?” म्हणत त्यांनी ते टेबलावर झटकलं.

पांढऱ्या भुकटीचा एक छोटा ढग उठला आणि सरळ तिच्या नाकाकडे निघाला.

तिला तो येताना दिसला. नाकाच्या शेंड्यात मुंग्या आल्या. डोळे भरले. तिला पहिली शिंक आठवली, ओढणी आठवली, मागून आलेली हाक आठवली. उठून पळायला वेळ नव्हता. आधी लिफ्ट, मग शिंक. दार बंद. पहिला मजला. दुसरा. तिसरा.

शिंक अशी आली की टेबलावरचे नळ खणखणले. तिच्या पाठोपाठ दुसरी आली. मग, सगळं संपलं असं वाटल्यावर, तिसरी. खरेदीसाहेबांच्या पुढ्यातले कागद उडाले.

ती ताठ बसून राहिली आणि मनातल्या मनात तपासणी केली, जशी ती बाकावरच्या नळांची करायची. नीट, घाई न करता, शंका घेऊन. मग पुन्हा एकदा केली.

कोरडं.

आणि ती हसली. गालातल्या गालात नाही, ओठ दाबून नाही. पिल्लू झाल्यापासून गिळलेलं सगळं हसू एकदम वर आलं. ती डोकं मागे टाकून हसली, टेबलावर हात आपटून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पाणी आलं ते फक्त डोळ्यांतून, या विचाराने तिला आणखीच उकळी फुटली.

खरेदीसाहेबांचा गोल चेहरा उतरला. आयुष्यभर त्यांच्या विनोदांना लोक हसत आले होते, मागणीला कोणी हसलं नव्हतं.

“एवढं हसण्यासारखं काय आहे बाई? पंधरा जास्त वाटतात का?”

तिला बोलता येईना. तिने नुसता हात हलवला, म्हणजे ‘तुम्हाला नाही हो’. त्यांना तो ‘काहीतरीच काय’ असा दिसला.

“बरं, बारा.”

ती डोळे पुसत होती, आणि आपण अजून हसतोय, अजून कोरडं आहे, हे लक्षात येऊन तिने नवा गडगडाट केला.

“आठ! आठ वर्षं! आता यावर नका हसू, मलाही वर तोंड दाखवायचंय!”

“आठ ठीक आहे,” मोठे साहेब खुर्चीवरून अर्धे उठून म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

खरेदीसाहेब गेल्यावर साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. “भुवयांपेक्षा हे जालीम आहे,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी आधी कल्पना द्या. माझीच हमी रद्द होते की काय असं वाटलं मला. आणि पाटी संध्याकाळीच लागेल.”

“तपासणी प्रमुख असं लिहा,” ती म्हणाली. “आणि साहेब, ते गळतीबाई आता बंद.”

साहेबांनी मान डोलावली. तिच्या भुवया तर जागेवरच होत्या.

ती घरी पोचली तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर शेंगांचा ढीग होता, शेजारच्या उंच खुर्चीत पिल्लू होतं. नवरा ओला टॉवेल पलंगावर टाकून बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत होता. भुवयांचा धाक संपल्याची बातमी त्याला सगळ्यात आधी कळलेली दिसत होती.

“मिळाली का गं खुर्ची?” सासूबाईंनी विचारलं.

“मिळाली, आई!”

सासूबाईंच्या भुवया वर चढल्या. कपाळाच्या मध्यापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. शेंग बोटात तशीच राहिली. तिच्या मनात पाल चुकचुकली. उशीर झाला म्हणून? पिल्लाने त्रास दिला म्हणून? का सुनेने मोठ्या खुर्चीत बसावं हेच पटलं नाही? मग त्या भुवया घाई न करता, एकेक केस मोजल्यासारख्या खाली यायला लागल्या. शेजारी पिल्लूही आजीकडे बघत तेच करत होतं.

तिने पर्स टेबलावर ठेवली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “भुवया खाली. आणि श्वास घ्या.”

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. शेंग टाकली. बाहेरच्या खोलीकडे एकदा बघून घेतलं, मुलगा पेपरातच आहे याची खात्री केली, आणि खुर्ची सुनेच्या जवळ ओढून कुजबुजल्या, “लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबवायची म्हणालीस?”